कॅमेऱ्यावर चहा, कॉफी किंवा शीतपेय सांडलं तर: आधी काय, मग काय

कॅमेऱ्यावर काही सांडलं की बहुतेक जण तीन गोष्टी करतात. चालू होतोय का ते बघतात, हाताला लागेल त्या फडक्याने खसाखसा पुसतात आणि मग दोन दिवस तांदळात पुरून ठेवतात. पहिल्या गोष्टीने सर्किट जाऊ शकतं. दुसरीने बाहेरचा द्रव फटींत ढकलला जातो. तिसरीने आत गेलेली साखर तिथल्या तिथे वाळून घट्ट बसते.

साधं पाणी सांडलं तर नीट वाळवणं बहुतेक वेळा पुरतं. पेयाचं तसं नाही. पेयातलं पाणी तेवढं उडून जातं. साखर, आम्ल, क्षार, दुधातली चरबी मागे राहते. कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम साखर असते आणि त्याचा पीएच २.५ च्या आसपास, म्हणजे चांगलाच आम्लधर्मी असतो. साखर हवेतली ओल धरून ठेवते, त्यामुळे वरून कोरडा दिसणारा थर आतून दमटच राहतो आणि धातूचे संपर्कबिंदू हळूहळू खाल्ले जातात. बिनसाखरेच्या शीतपेयाने चिकटपणा येत नाही, पण आम्ल असतंच. म्हणून क्रम लक्षात ठेवा: वीज तोडायची, टिपायचं, साखर काढायची आणि त्यानंतर वाळवायचं. वाळवणं आधी केलं की पुढचं सगळं काम दुप्पट अवघड होतं.

## हाताशी काय हवं

दोन-तीन स्वच्छ मायक्रोफायबर कापडं, न पिंजणारा टिशू पेपर, इअर बड म्हणून मिळणाऱ्या कापसाच्या काड्या, लाकडी टूथपिक, डिस्टिल्ड वॉटर, ९९ टक्के शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, हाताने दाबायचा रबरी ब्लोअर, टॉर्च, हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या.

यातलं काही नसेल तर थांबू नका. पहिल्या दोन टप्प्यांना फक्त कोरडं कापड लागतं, आणि तेच दोन टप्पे वेळेशी बांधलेले आहेत. बाकीचं साहित्य नंतर आणता येतं.

अल्कोहोलऐवजी नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर किंवा पेट्रोल वापरू नका. प्लॅस्टिक विरघळतं, रंग उतरतो. सुगंधी सॅनिटायझरही नको. त्यातले इतर घटक वाळल्यावर थर सोडतात.

## टप्पा १: वीज तोडा

कॅमेरा चार्जरला किंवा कॉम्प्युटरला जोडलेला असेल तर आधी भिंतीवरचं बटण कोरड्या हाताने बंद करा, मग केबल काढा.

त्यानंतर थेट बॅटरी काढा. कॅमेरा चालू असला तरी आधी स्विच बंद करायच्या फंदात पडू नका. बरेच कॅमेरे बंद होताना सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, हलवून धूळ झटकतात आणि छोट्या कॅमेऱ्यांची लेन्स आत जाते. ओली लेन्स आत गेली की आपणच पेय यंत्रणेत ओढून घेतलं असं होतं. बाहेर आलेली लेन्स तशीच बाहेर राहू द्या. त्या क्षणी एखादा फोटो कार्डावर लिहिला जात असेल तर तो जाईल. ते चालवून घ्या.

इथे एक बारकावा आहे. पेय बहुधा वरून पडतं आणि बॅटरीचं झाकण खाली असतं. कॅमेरा उलटा धरा, म्हणजे वरच्या डायलच्या फटींतून आत शिरू पाहणारा द्रव आला त्याच वाटेने बाहेर पडेल. वर आलेला तळ आणि झाकणाची कड आधी टिपा, बोटं कोरडी करा आणि मगच झाकण उघडा. नाहीतर कडेवरचे थेंब थेट बॅटरीच्या खणात जातील. बॅटरी निघाल्यावर मेमरी कार्ड काढा आणि पॉवर स्विच बंदच्या बाजूला सरकवून ठेवा. वीज नसल्यामुळे आता तो हलवायला हरकत नाही, आणि पुढे बॅटरी घालताना कॅमेरा आपोआप चालू होणार नाही.

सावधान: बॅटरी फुगलेली, गरम किंवा वास येणारी असेल तर ती पुन्हा घालू नका, चार्जही करू नका. जळणाऱ्या वस्तूंपासून दूर, फरशीवर ठेवा.

तपासा: बॅटरी बाहेर, कार्ड बाहेर, केबल निघाली. आता घाई संपली. यापुढचं सगळं शांतपणे करायचं आहे.

## टप्पा २: टिपा, घासू नका

कापड किंवा टिशू पृष्ठभागावर दाबा, उचला, कोरडी जागा पुढे घेऊन पुन्हा दाबा. घासलं की द्रव बटणांच्या कडांखाली जातो. कॅमेरा झटकण्याचा मोह होतो, तोही आवरा. झटक्याने आतले थेंब कुठेही उडतात. ब्लोअर, तोंडाची फुंकर आणि दाबाच्या हवेचा डबा या तिन्हींची वेळ अजून आलेली नाही.

मग जे सुटं होतं ते काढा: पट्टा, हॉट शूचं (वर फ्लॅश बसवायच्या खाचेचं) झाकण, डोळ्याची रबरी कड, बॅटरी ग्रिप, लेन्स हूड, पुढचा फिल्टर. पट्टा लोक विसरतात. भिजलेला पट्टा कॅमेऱ्याच्या कानाशी लटकत राहतो आणि थेंब थेंब बॉडीवर सोडत राहतो. फिल्टरच्या आट्यांतही द्रव धरून राहतो, त्यामुळे काच वरून कोरडी दिसली तरी फिल्टर काढाच.

केबल जोडण्याच्या जागांवरची रबरी झाकणं बाहेरून टिपल्यावरच उघडा. आत ओल दिसली तर टिशूचं टोक वळून अलगद लावा, द्रव वर शोषला जाईल.

## टप्पा ३: लेन्स उतरवून आत बघा

अदलाबदल करता येणारी लेन्स असेल तरच हा टप्पा. लेन्स आणि बॉडी जिथे जुळतात ती गोल कड पूर्ण टिपा. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करा आणि तसाच धरून लेन्स फिरवून काढा. सवयीप्रमाणे तोंड वर ठेवून काढली तर कडेवरचा एकच थेंब सेन्सरच्या खणात जायला पुरतो.

आता टॉर्चने आत बघा. आत काही दिसलं तरी हात लावू नका. डीएसएलआरच्या, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या, आरशाचा चकचकीत थर काचेच्या पुढच्या बाजूलाच असतो, कापसानेसुद्धा त्यावर चरे येतात. शटरचे पडदे इतके पातळ असतात की बोटाच्या दाबाने वाकतात. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यात, बहुधा सेन्सर समोरच उघडा असतो. खण कोरडा असेल तर लगेच बॉडी कॅप (लेन्सच्या जागी बसणारं झाकण) लावा, लेन्सच्या मागेही झाकण लावा.

## इथे थांबून ठरवा: घरी की दुरुस्तीला

मला हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच लोक तीन दिवसांनी घेतात.

सेन्सरच्या खणात किंवा लेन्सच्या काचांमध्ये थेंब दिसले, बॅटरीच्या खणात ओघळ आला, पेय सांडलं तेव्हा कॅमेरा चालू होता आणि लगेच बंद पडला, किंवा गोड अथवा दुधाचं पेय बटणांवरून भरपूर वाहिलं, तर घरचं काम इथेच संपलं. कॅमेरा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञाकडे द्या. आधी वाळवून मग नेऊ, असं करू नका. ओली साखर पाण्याने निघते. वाळून बसलेल्या साखरेत चाकं आणि चकत्या अडकतात आणि सर्किटवरचं गंजणं तोवर पुढे गेलेलं असतं.

नेताना खरं सांगा: कोणतं पेय, किती, कधी, तेव्हा कॅमेरा चालू होता का, नंतर तुम्ही काय केलं. पाणी पडलं असं सांगून दिलेला कॅमेरा तंत्रज्ञ पाणी गेल्यासारखाच उघडतो आणि साखर राहून जाते. साध्या वॉरंटीत द्रवाने झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत. विमा असेल तर साफसफाईआधी फोनवर दोन-चार फोटो काढून ठेवा, पण टप्पा १ आणि २ झाल्यावरच.

सावधान: स्क्रू उघडून आत साफ करू नका. अंगचा फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात त्या फ्लॅशसाठी साधारण ३०० व्होल्टचा, वीज साठवणारा कपॅसिटर असतो आणि बॅटरी काढल्यावरही त्यात चार्ज राहतो. त्याचा झटका जबर बसतो.

पेय फक्त बाहेरून लागलं असेल, चार शिंतोडे बटणांपाशी गेले असतील, तर पुढे चला.

## टप्पा ४: साखर काढा

इथे जवळजवळ सगळे एकच चूक करतात: थेट अल्कोहोल घेतात. अल्कोहोल लवकर उडतं, विजेच्या भागांना चालतं, म्हणून तेच योग्य वाटतं. पण साखर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळत नाही. ती पाण्यात विरघळते. आधी अल्कोहोल फिरवलं तर थरातलं पाणी निघून जातं आणि साखर उलट घट्ट होते. म्हणून आधी पाणी, शेवटी अल्कोहोल.

पाणी डिस्टिल्डच घ्या. नळाच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर मागे राहतात. आणि पाणी कॅमेऱ्यावर कधीही ओतायचं किंवा फवारायचं नाही, ते कापडावर घ्यायचं. कापड दाबल्यावर थेंब बाहेर येत असेल तर ते जास्त ओलं आहे. पिळा, कोरड्या कापडात दाबा, मग वापरा. काडीचा कापूसही असाच, दमट पण न गळणारा.

आधी मोठे पृष्ठभाग: बॉडी, रबरी पकड, मागचा पडदा. एक हात दमट कापडाचा, लगेच एक कोरड्याचा. रबरी पकडीच्या खाचांत चिकटपणा राहतो, तिथे दमट कापड काही सेकंद दाबून धरा आणि मग उचला.

मग बटणं. कॅमेरा असा धरा की बटणांची बाजू जमिनीकडे असेल आणि तुम्ही खालून काम कराल. हे अवघडल्यासारखं वाटतं, पण याच कारणाने सुटलेली साखर आत जाण्याऐवजी काडीवर येते. दमट काडी बटणाच्या कडेने फिरवा, बटण दहा-बारा वेळा दाबा, पुन्हा काडी फिरवा. प्रत्येक बटणाला नवी बाजू, दोन बटणांनंतर नवी काडी. मळलेली काडी पुढे नेली तर साखर नुसती जागा बदलते. शटरचं बटण, त्याभोवतीचं कडं आणि मागची गोल चकती यांच्याकडे जास्त लक्ष द्या, कारण पेय तिथेच साठतं. डायल असेल तर दोन्ही दिशांना पूर्ण फिरवत कड पुसा. खाचेत थर अडकला असेल तर टूथपिकच्या टोकाला दमट टिशू गुंडाळा. उघडं टोक वापरू नका, सुईही नको.

दूध असलेला चहा-कॉफी किंवा मिल्कशेक असेल तर पाण्याने चरबी पूर्ण निघत नाही. बॉडीच्या बाहेरच्या भागावर, आणि फक्त तिथेच, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घालून दमट कापड फिरवा, मग साध्या डिस्टिल्ड पाण्याच्या कापडाने दोनदा पुसा. दुधाचा अंश राहिला तर आधी वास येतो आणि दमट हवेत पुढे बुरशी धरते.

तपासा: कोरडं बोट बटणांवरून, डायलवरून, पकडीवरून फिरवा. कुठेही बोट ओढल्यासारखं वाटलं तर तिथे साखर आहे, पुन्हा करा. दाबलेलं बटण उशिरा वर येत असेल तर साखर कडेखाली गेली आहे. तीन-चार फेऱ्यांत ते मोकळं झालं नाही तर जोर लावू नका, ते काम उघडूनच होतं.

## टप्पा ५: धातूचे संपर्क अल्कोहोलने

आता अल्कोहोल. खिडकी उघडा, आसपास ज्योत नको. काडीला थोडंसं लावून बॅटरीच्या खणातल्या पट्ट्या, बॅटरीचे संपर्क, हॉट शूच्या टिकल्या, माउंटवरचे (लेन्स बसते त्या गोल कडेवरचे) सोनेरी ठिपके आणि मेमरी कार्डाच्या पट्ट्या पुसा. या जागांवर पेय लागलं असेल तर इथेही आधी पाण्याची दमट काडी, मग अल्कोहोलची. माउंट पुसताना बॉडी कॅप काढावी लागेल. तोंड खालीच ठेवा आणि काडी आत शिरू देऊ नका.

पडदा, व्ह्यूफाइंडरचं (डोळा लावून बघायच्या खिडकीचं) भिंग, रंगवलेली अक्षरं आणि रबर यांना अल्कोहोल लावू नका. लेप धुरकट होतो, रबराखालचा गोंद सुटतो.

संपर्कांवर हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर गंजणं सुरू झालेलं आहे. वरची पूड पुसली जाईल, पण बाहेर दिसते तर आतही असू शकते. अशा वेळी कॅमेरा तपासायला द्या.

## टप्पा ६: लेन्स

झूमची आणि फोकसची कडी फिरवू नका. झूम पुढे-मागे करताना नळी हवा आत ओढते आणि कडेचा द्रवही. पुढे आलेल्या नळीवर पेय असेल तर दमट कापडाने, मग कोरड्याने पुसा आणि पूर्ण वाळेपर्यंत तशीच बाहेर ठेवा.

काचेवर कण असतील तर पुसण्याआधी ब्लोअरने उडवा. इथे तो वापरायला हरकत नाही, फक्त कडेच्या फटीकडे रोखू नका. वाळलेल्या थेंबावर दमट कापड हलकं टेकवून तो मऊ होऊ द्या. मग लेन्सचं द्रव कापडावर घेऊन मध्यापासून बाहेर गोल फिरवत पुसा. द्रव थेट काचेवर टाकलं की ते कडेने आत उतरतं. शेवटी टॉर्च मागून धरून पुढून बघा: आत धुकं, थेंब किंवा ओघळ दिसला तर ही लेन्स वेगळी दुरुस्तीला जाईल.

## टप्पा ७: वाळवणं

पेय ज्या बाजूने गेलं ती बाजू खाली. बॅटरी, कार्ड आणि केबलची झाकणं उघडी, माउंटवर मात्र कॅप. पहिले काही तास पंख्याच्या मंद वाऱ्यात, पंख्यापासून लांब ठेवा. मग सिलिका जेलच्या भरपूर पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात किमान ४८ तास, शक्य असेल तर ७२. दाणे सुटे टाकू नका, त्यांची पूड होते. पुडीतले दाणे रंग बदलणारे असतील तर रंग पालटल्यावर पुड्या बदला.

तांदूळ सिलिका जेलसारखा ओल खेचत नाही. त्याचं पीठ फटींत जातं आणि ओलाव्यात चिकटतं. हेअर ड्रायर, हीटर, ओव्हन आणि कडक ऊन यांपासूनही दूर राहा. बहुतेक कॅमेरे ० ते ४० अंश सेल्सिअसमध्ये वापरण्यासाठी बनवलेले असतात. ड्रायरची हवा त्याहून कितीतरी गरम असते. तिने गोंद आणि वंगण पातळ होतं आणि उरलेली साखर भाजून बसते.

या दिवसांत मेमरी कार्ड वेगळं वाळवा आणि कार्ड रीडरने त्यातले फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. कॅमेऱ्यात घालून उतरवू नका.

## टप्पा ८: चालू करणं

आधी टॉर्चने सगळे खण पुन्हा बघा, वास घ्या. कुठे आंबूस वास किंवा ओलसर डाग असेल तर बॅटरी घालायची नाही.

शक्य असेल तर सांडलं तेव्हा आत नसलेली बॅटरी वापरा. लेन्स नाही, कार्ड नाही, बॉडी कॅप लावलेली. बॅटरी घाला आणि मिनिटभर स्विच बंदच ठेवा. बॉडी कुठे गरम लागतेय का ते हाताने बघा. नंतर चालू करा. पडदा उजळला, काही तापलं नाही, जळका वास नाही, तर एकेक बटण आणि डायल तपासा. एक बटण दाबल्यावर भलतंच काही होणं किंवा मेन्यू आपोआप सरकणं म्हणजे त्या बटणाखाली अजून द्रव आहे. बॅटरी काढा आणि टप्पा ७ पुन्हा करा, विशेषतः घाई करून ४८ तासांच्या आत चालू केला असेल तर.

मग लेन्स लावा. फोकस, वेगवेगळे ॲपर्चर (प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची मापं), सगळे शटर वेग घेऊन बघा. त्यानंतर कार्ड. यूएसबी केबल आणि फ्लॅश सर्वांत शेवटी, कारण तिथे ओल राहिली असेल तर शॉर्ट सर्किटची भीती जास्त. एका पांढऱ्या भिंतीचा फोटो लहान ॲपर्चरवर, म्हणजे एफ १६ वर घ्या. सेन्सरवर थेंब वाळला असेल तर त्याचा डाग त्यात स्पष्ट दिसतो. असा डाग स्वतः काढायचा असेल तर सेन्सरच्याच मापाचा स्वॅब आणि त्याचंच द्रव वापरा. हात बसलेला नसेल तर ते काम दुसऱ्याकडे द्या.

## वॉटरप्रूफ कॅमेऱ्याचं वेगळं

पाण्याखाली चालणारा छोटा कॅमेरा असेल आणि त्याची सगळी झाकणं सांडताना घट्ट बंद असतील, तर तो बंद करून साध्या स्वच्छ पाण्यात काही मिनिटं बुडवून ठेवा, बटणं दाबत धुवा आणि पूर्ण पुसून वाळल्यावरच झाकण उघडा. हे फक्त त्यांच्यासाठी. धूळ आणि पावसापासून संरक्षण असलेली मोठी बॉडी वॉटरप्रूफ नसते. तिच्या रबरी कडा शिंतोडे अडवतात, बुडवणं सोसत नाहीत. तिला वरचे सगळेच टप्पे लागू आहेत.

## पुढचे काही आठवडे

कॅमेरा चालू झाला म्हणून लगेच महत्त्वाच्या कामाला नेऊ नका. आतलं गंजणं उशिरा दिसतं. दर काही दिवसांनी बॅटरीचे संपर्क बघा, शटरचा आवाज बदललाय का ऐका, ॲपर्चर अडकल्याने फोटो अचानक जास्त उजळ येतायत का पाहा. बॅटरी नेहमीपेक्षा लवकर उतरायला लागली तर कुठेतरी वीज गळतेय. त्या दिवसापासून कॅमेरा वापरात नसताना बॅटरी बाहेर काढून ठेवा आणि बॉडी तपासायला द्या.